अभिजात मोटारगाडीतील इंजिनाचे अतितापन : निदान व उपाययोजना
(प्रीमियर पद्मिनीच्या शीतनप्रणालीच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतीत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापणे. या तक्रारीवर सामान्यतः अनुमानाने एकेक भाग बदलत जाण्याचा मार्ग अवलंबिला जातो. प्रस्तुत लेखात प्रीमियर पद्मिनी या भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या गाडीच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, अतितापन हा स्वतंत्र दोष नसून उष्णतेची निर्मिती, वहन व उत्सर्जन या तीन क्रियांमधील संतुलन बिघडल्याचे ते लक्षण आहे. 'गाडी तापते का' या प्रश्नापेक्षा 'गाडी केव्हा तापते' हा प्रश्न निदानाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरतो. या प्रश्नाच्या उत्तरावरून दोषाचे स्थान कसे निश्चित करावे, कोणत्या चाचण्या कोणत्या क्रमाने कराव्यात आणि प्रचलित उपायांपैकी कोणते टाळावेत, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अतितापन, शीतनप्रणाली, रेडिएटर, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट, प्रीमियर पद्मिनी

१. प्रस्तावना

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारगाड्यांची निर्मिती केली. १९६४ मध्ये आलेली 'फियाट ११००' ही गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणून ती महाराष्ट्राच्या सामाजिक स्मृतीचा भाग बनली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून सेवेतून निवृत्त झाली.

या निवृत्तीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. हजारो टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर त्यांचे सुटे भाग आणि त्या हाताळणारे मिस्त्री गल्लोगल्ली उपलब्ध होते. आज उरलेल्या गाड्या प्रामुख्याने हौशी मालकांच्या ताब्यात असून ते व्यावहारिक ज्ञान हळूहळू लोप पावत आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून अधिक जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. परंतु त्यासाठी सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणजेच मूळ इंजिन सुरक्षित राखणे ही केवळ भावनेची बाब राहिलेली नाही. आणि मूळ इंजिन निकामी करणाऱ्या कारणांत अतितापनाचे स्थान वरचे आहे.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) शीतनप्रणालीचे कार्य उष्णतेच्या संतुलनाच्या आधारे स्पष्ट करणे.
२) अतितापनाच्या वेळेवरून व परिस्थितीवरून दोषाचे स्थान ठरविण्याची पद्धत मांडणे.
३) सोप्या चाचण्यांचा योग्य क्रम सुचविणे.
४) प्रचलित उपायांची शास्त्रीय दृष्टीने चिकित्सा करणे.

३. शीतनप्रणालीची पार्श्वभूमी

मोटारगाडी आणि पाणी यांचा संबंध मोटारगाडीइतकाच जुना आहे. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी मानहाइम ते फोर्त्सहाइम हा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा त्यांना वाटेत वारंवार थांबून पाणी भरावे लागले. कारण त्या इंजिनाचे शीतन पाण्याच्या वाफ होऊन उडून जाण्यावर अवलंबून होते. त्यानंतर १९०१ च्या मर्सिडीज गाडीत विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि केवळ नऊ लिटर पाण्यावर काम भागत होते. पाणी उडवून देण्याऐवजी तेच पाणी पुनःपुन्हा थंड करून वापरणे, हा या प्रगतीचा गाभा होय.

पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन याच तत्त्वावर चालते. इंजिनाच्या दट्ट्यांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरलेले तप्त पाणी थर्मोस्टॅटमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, नळ्यांतून खाली उतरताना हवेला उष्णता देते आणि खालच्या होज पाईपमधून पंपाकडे परत जाते. पंप फॅन बेल्टवर चालतो. रेडिएटर तांबे-पितळेचा व डाक देऊन जोडलेला असतो. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आहे. शेवटची ही बाब पुढील विवेचनात विशेष महत्त्वाची ठरेल.

४. उष्णतेचा हिशेब

पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा स्थूलमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो. जवळजवळ तितकाच भाग शीतनाच्या पाण्यात जातो व उरलेला प्रामुख्याने धुराबरोबर बाहेर पडतो. घाट चढताना पाण्यात सेकंदाला १५ किलोज्यूल, म्हणजे १५ किलोवॅट उष्णता येते असे उदाहरणादाखल मानू. रेडिएटरमध्ये पाण्याचे तापमान ८ अंशांनी उतरावयाचे असेल, तर मिनिटाला सुमारे २७ लिटर पाणी फिरले पाहिजे. त्याच वेळी रेडिएटरमधून जाणारी हवा २५ अंशांनी तापते असे धरल्यास मिनिटाला सुमारे ३० घनमीटर, म्हणजे ३०,००० लिटर हवा वाहिली पाहिजे.

पाण्याच्या हजारपटीहून अधिक आकारमानाची हवा लागते, हा या हिशेबाचा बोध आहे. गाडी तापली की आपले लक्ष प्रथम पाण्याकडे जाते. प्रत्यक्षात हवेची बाजू तितकीच, किंबहुना अधिक नाजूक असते. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारी गाडी हे याचे उत्तम उदाहरण आहे. खालच्या गिअरमध्ये इंधन भरपूर जळते, वेग कमी असल्याने समोरून येणारी हवा मात्र थोडी असते. वारा पाठीमागून वाहत असेल तर तीही घटते. त्यात उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही दर तीनशे मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो.

ही शेवटची अडचण दूर करण्याचे काम रेडिएटरचे दाबयुक्त झाकण करते. समुद्रसपाटीवर १०० अंश सेल्सियसला उकळणारे पाणी सात पौंडांच्या झाकणाखाली सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणातील रबर कडक झाले वा स्प्रिंग सैल पडली की हा अकरा अंशांचा राखीव साठा नाहीसा होतो आणि अन्यथा निर्दोष असलेली गाडीही 'पाणी फेकू' लागते. झाकणासारख्या किरकोळ वाटणाऱ्या भागाची तपासणी सर्वांत आधी करावी, ती याच कारणास्तव.

५. निदान : 'केव्हा' हा कळीचा प्रश्न

वरील विवेचनावरून स्पष्ट होते की, अतितापनाची कारणे तीन गटांत विभागता येतात : उष्णता अधिक निर्माण होणे, ती पाण्याने नीट वाहून न नेली जाणे आणि ती हवेत नीट न सोडली जाणे. गाडी कोणत्या परिस्थितीत तापते, हे पाहिले असता यांपैकी कोणता गट संशयास्पद आहे ते बहुतांशी कळून येते.

५.१ थांबलेल्या वा संथ गाडीत तापमान वाढते, वेगात उतरते

येथे पाण्याचा प्रवाह व रेडिएटर बहुधा ठीक असतात. उणीव हवेची असते. वेगात असताना ही हवा आपोआप मिळते, थांबल्यावर मात्र ती पंख्यालाच ओढावी लागते. सैल वा तेलकट फॅन बेल्ट, वाकलेली वा चुकीच्या बाजूने बसविलेली पाती, रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये साचलेली धूळ व कीटक, तसेच नंतर बसविलेले भोंगे, दिवे वा शोभेच्या जाळ्या यांमुळे अडलेला मार्ग, ही याची प्रमुख कारणे होत.

५.२ शहरात ठीक, परंतु वेगात वा घाटात तापते

येथे प्रणालीची एकूण क्षमता अपुरी पडत असते. क्षारांनी बुजलेल्या नळ्या, गंजून झिजलेली पंपाची पाती आणि खालच्या होज पाईपचे आत ओढले जाणे, ही तीन कारणे प्रथम तपासावीत. खालचा पाईप पंपाच्या शोषणाच्या बाजूला असतो. तो जुना व मऊ झाला असेल तर इंजिनाची गती वाढताच चपटा होतो आणि नेमका गरजेच्या वेळी प्रवाह अडवितो. थांबलेल्या गाडीत तो निर्दोष दिसतो, त्यामुळे हे कारण हमखास नजरेतून सुटते. दुसऱ्या एका व्यक्तीने इंजिनाची गती वाढवावी व निरीक्षकाने फिरत्या भागांपासून दूर राहून पाईपकडे पाहावे, एवढीच चाचणी त्यासाठी पुरेशी असते.

या गटात उष्णतेच्या निर्मितीशी संबंधित दोषही येतात. प्रज्वलनाचा टायमिंग मागे पडला असता ज्वलन उशिरापर्यंत चालू राहते व अधिक उष्णता सिलिंडरच्या भिंतींना व धुराच्या मार्गाला मिळते. डिस्ट्रिब्युटरवरील निर्वात पडदा फाटला असल्यासही टायमिंग अपेक्षेप्रमाणे पुढे जात नाही. घट्ट बसलेले ब्रेक व अर्धवट तुंबलेला सायलेन्सर यांमुळे इंजिनावरील भार वाढतो. आजच्या इंधनाचाही येथे विचार करावा लागतो. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा पुरते. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून मिळणारे मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी विरळ होते. कार्बोरेटर आधीच विरळ मिश्रण देत असेल, तर हा फरक जाणवू शकतो.

५.३ सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते

एवढ्या अल्पकाळात रेडिएटरच्या क्षमतेची कसोटी लागतच नाही. वरचा पाईप थंड व इंजिन मात्र तप्त असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता अधिक. नुकतेच पाणी बदलले असल्यास प्रणालीत हवेचा फुगा अडकलेला असू शकतो. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येऊ लागले, तर मात्र ज्वलनाचे वायू हेड गॅस्केटमधून पाण्यात शिरत आहेत असा संशय घ्यावा.

५.४ पाणी कमी होते, परंतु गळती दिसत नाही

पंपाखालच्या छिद्रातून, ब्लॉकवरील कोअर प्लगमधून वा होज पाईपच्या पट्ट्यांखालून होणारी गळती तप्त इंजिनावर लगेच वाळून जाते. तिचे पांढरे वा गंजाळ डाग मात्र मागे राहतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, एखादाच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असणे व इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, ही हेड गॅस्केटच्या बिघाडाची चिन्हे होत. २००० नंतरच्या वर्षांत मुंबईतील टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर आल्या. अशा गाडीत गॅसचा दाब कमी करणारे उपकरण गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरविलेले असते. टॅक्सीतून खाजगी वापरात आलेल्या गाडीत या जादा जोडण्या गळतीची व हवा अडकण्याची ठिकाणे ठरतात. ते उपकरण बाहेरून गोठलेले दिसत असेल, तर त्यातून पाणी फिरत नाही हे निश्चित समजावे.

५.५ आभासी अतितापन

काही वेळा गाडी तापलेलीच नसते. काटा लाल पट्ट्यात असूनही वाफ, वास वा उकळण्याचा आवाज नसेल, तर मापक व त्याचा संवेदक तपासावेत. अवरक्त तापमापीने थर्मोस्टॅटच्या घराचे तापमान मोजता येते. मात्र चकचकीत धातूवर हे साधन प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखविते, म्हणून त्या जागी काळी पट्टी चिकटवून मोजमाप घ्यावे. इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटे काटा वर जाणे स्वाभाविक असते, कारण पाणी थांबलेले व धातू तप्त असतो.

उन्हाळ्यात गाडी अचानक बंद पडून पुन्हा सुरू न होणे, हे पुष्कळदा पेट्रोलच्या पंपात वा नळीत बाष्प अडकल्याने घडते. पंपावर ओले फडके ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीत या दोषावर तात्पुरता, पण शास्त्रशुद्ध उपाय आहे. तथापि हा दोष इंधनप्रणालीचा आहे. त्यासाठी रेडिएटर उघडण्यात अर्थ नाही.

६. चाचण्यांचा क्रम

निदानात खर्चाचा व उलगड्याचा क्रम पाळावा : जी चाचणी स्वस्त, निरुपद्रवी व काही उघडावे न लागणारी, ती आधी.

१) थंड इंजिनात पाण्याची पातळी, रंग व तेलाचा तवंग पाहणे.
२) फॅन बेल्टचा ताण, होज पाईप व रेडिएटरचा दर्शनी भाग तपासणे.
३) झाकण व संपूर्ण प्रणालीची हातपंपाने दाबचाचणी करणे. दाब टिकत नसेल तर गळती शोधणे.
४) थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात तापमापीसह तापविणे. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. नेमके तापमान त्यावर कोरलेले असते.
५) प्रज्वलनाचा टायमिंग दिव्याने तपासणे व कार्बोरेटरचे मिश्रण पाहणे.
६) तप्त रेडिएटरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी तापमान मोजणे. आजूबाजूच्या भागाहून बराच थंड असलेला पट्टा म्हणजे बुजलेल्या नळ्या.
७) सिलिंडरचा दाब मोजणे व रेडिएटरच्या तोंडाशी रासायनिक द्रावाची चाचणी घेणे. ज्वलनवायू आढळल्यास निळा द्राव पिवळा होतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकाच वेळी कमी भरल्यास त्यांच्यामधील गॅस्केट जळाले असण्याची शक्यता मोठी असते.

एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून पाहावी, हा या क्रमाचा आत्मा आहे. उदाहरणार्थ, केवळ घाटात तापणारी गाडी घेऊ. मालकाने एकाच दिवशी रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट व पाईप बदलले आणि गाडी सुधारली, तर खर्च झाला; परंतु कारण अज्ञातच राहिले. गाडी सुधारली नाही, तर प्रत्येक नव्या भागाबद्दलही शंका निर्माण होते. याउलट कमी किमतीचा खालचा पाईप प्रथम बदलून पाहिला असता, तर उत्तर निःसंदिग्ध मिळाले असते. प्रयोगशाळेत एका वेळी एकच चल बदलण्याचा जो दंडक आपण विद्यार्थ्यांना शिकवितो, तोच गॅरेजमध्येही लागू पडतो.

७. प्रचलित उपायांची चिकित्सा

७.१ थर्मोस्टॅट काढून टाकणे

'आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही' ही समजूत सर्वदूर आहे. अडकलेला थर्मोस्टॅट काढल्याने तात्पुरता आराम मिळतो हे खरे. परंतु इंजिन कायम थंड चालल्याने इंधन अधिक लागते, ऑइलमध्ये ओलावा व गाळ साचतो आणि सिलिंडरची झीज वाढते. याउलट, 'थर्मोस्टॅट नसल्यास पाणी इतक्या वेगाने धावते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही' हे स्पष्टीकरणही भौतिकशास्त्राला धरून नाही. प्रवाह वाढल्याने उष्णतेचे वहन वाढते, घटत नाही. थर्मोस्टॅटविना काही इंजिने अधिक तापतात त्याचे कारण वेगळे आहे. ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बगलमार्ग बंद करतो, तेथे तो काढल्यास काही पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसेच इंजिनात परत फिरते. सारांश, योग्य तापमानाचा नवा थर्मोस्टॅट बसविणे हाच उचित उपाय होय.

७.२ साधे पाणी भरत राहणे

दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुतांशी जड असते. ते तापले की त्यातील बायकार्बोनेटांचे कार्बोनेटांत रूपांतर होऊन क्षारांचा थर धातूवर बसतो. हा थर उष्णतेचा इतका मंदवाहक असतो की त्याचा एक मिलिमीटर थर उष्णता अडविण्याच्या बाबतीत सुमारे २० ते २५ मिलिमीटर ओतीव लोखंडाच्या बरोबरीचा ठरतो. गळकी गाडी रोज भरणारा मालक प्रत्येक तांब्यागणिक नवे क्षार आत ओतत असतो. म्हणून गळती थांबविणे हाच क्षार थांबविण्याचा पहिला उपाय होय.

भरताना क्षारविरहित पाणी व एक तृतीयांश कूलंट असे मिश्रण आपल्या हवामानात पुरेसे ठरते. येथे गोठण्याचे भय नसते. कूलंटची गरज मुख्यतः गंजरोधक म्हणून असते. शिवाय ग्लायकॉलपेक्षा पाण्याची उष्णताधारकता अधिक असल्याने अकारण घट्ट मिश्रण वापरणे गैरसोयीचे होय. तांबे, पितळ, डाक, लोखंड व ॲल्युमिनियम एकत्र असलेल्या जुन्या प्रणालीला पारंपरिक सिलिकेटयुक्त कूलंट मानवते आणि ते दर दोन वर्षांनी बदलावे. ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असल्याने जनावरे ते पितात. म्हणून जुने कूलंट उघड्यावर ओतू नये.

७.३ रासायनिक सफाई

बुजलेल्या प्रणालीसाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण व त्यानंतर उलट दिशेने भरपूर पाणी, हा सुरक्षित मार्ग आहे. कॉस्टिक सोडा मात्र कटाक्षाने टाळावा. तो ॲल्युमिनियम खातो आणि पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचेच आहे. रासायनिक सफाईने नळ्या मोकळ्या न झाल्यास रेडिएटरच्या टाक्या उघडून रॉडिंग करावे, अथवा मूळ टाक्या राखून नवा गाभा बसवावा.

७.४ विजेचा पंखा व अधिक दाबाचे झाकण

विजेचा जादा पंखा हा आकर्षक पर्याय आहे. परंतु डायनॅमो असलेल्या जुन्या गाडीत मंद गतीला वीजनिर्मिती अत्यल्प असते आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हाच भासते. परिणामी सारा भार बॅटरीवर पडतो. अल्टरनेटर असलेल्या गाडीत हा आक्षेप सौम्य होतो. मूळ मापापेक्षा अधिक दाबाचे झाकण बसविल्यास उत्कलनबिंदू वाढतो. परंतु पन्नास वर्षांच्या डाकेच्या सांध्यांवर तो दाब येतो व रोग राहून रोगी फुटतो.

८. विलंबाची किंमत

लोखंडाच्या तुलनेत ॲल्युमिनियम तापल्यावर सुमारे दुप्पट प्रसरण पावते. चारशे मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.७४ मिलिमीटर वाढू पाहते. त्याखालचा लोखंडी ब्लॉक मात्र ०.३५ मिलिमीटरच वाढतो. नेहमीच्या तापमानात हा फरक गॅस्केट व बोल्ट सामावून घेतात. तापमान मर्यादेपलीकडे गेले की जखडलेले हेड कायमचे वाकते, गॅस्केटची पकड सुटते आणि पुढील प्रत्येक प्रवासात ज्वलनवायू पाण्यात शिरून ते अधिकच तापविते. अशा रीतीने अतितापनाचा परिणाम हाच त्याचे नवे कारण बनतो.

हेड उतरविल्यास सरळपट्टी व फीलर गेजने त्याचा सपाटपणा तपासावा. साधारणतः ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपेक्षा अधिक वाक असल्यास ते घासून घ्यावे लागते. परंतु प्रत्येक घासणीत धातू कमी होतो, दाबगुणोत्तर वाढते आणि काही घासण्यांनंतर हेड निरुपयोगी ठरते. हेड बसविताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूकडे, टप्प्याटप्प्याने व टॉर्क पान्याने आवळावेत.

म्हणून काटा चढू लागताच थांबणे हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. वाफ दिसत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. तप्त रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांहून अधिक तापलेले पाणी क्षणार्धात वाफ होऊन उसळते व गंभीर भाजते. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, जाड फडक्याने झाकण पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवावे, दाब सुटू द्यावा व मगच ते काढावे. त्यानंतर इंजिन मंद गतीने चालू ठेवून पाणी थोडे थोडे ओतावे. तप्त कोरड्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो.

९. निष्कर्ष

१) अतितापन हे लक्षण आहे, दोष उष्णतेच्या निर्मितीत, वहनात वा उत्सर्जनात शोधावा लागतो.
२) गाडी केव्हा तापते याचे काटेकोर निरीक्षण दोषाचे क्षेत्र मर्यादित करते व अनावश्यक खर्च टाळते.
३) झाकण, बेल्ट, खालचा पाईप व टायमिंग यांसारख्या अल्पखर्चिक बाबी रेडिएटर वा हेड उघडण्यापूर्वी तपासणे युक्त ठरते.
४) थर्मोस्टॅट काढणे, जड पाणी भरत राहणे व कॉस्टिक सोड्याने सफाई करणे हे उपाय मूळ दोष झाकतात वा नवा निर्माण करतात.
५) ॲल्युमिनियम हेडच्या इंजिनात विलंब हा सर्वांत महागडा दोष आहे.

१०. सूचना

अशा गाडीच्या मालकाने एक नोंदवही ठेवावी. तापमान चढले तो दिनांक, रस्ता, वेग, भार, हवामान व त्यानंतर केलेला एकमेव बदल एवढ्या नोंदी तीत असाव्यात. काही महिन्यांच्या नोंदी कोणत्याही अनुमानापेक्षा अधिक बोलक्या ठरतात. तसेच पद्मिनीवर आयुष्य वेचलेले मिस्त्री हयात आहेत तोवर त्यांच्या कार्यपद्धतीचे लेखन व ध्वनिचित्रमुद्रण होणे अगत्याचे आहे. पदार्थविज्ञान, अभियांत्रिकी व इतिहास या विषयांच्या विभागांनी हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून संयुक्तपणे हाती घेतल्यास पाठ्यपुस्तकातील उष्मागतिकीला प्रत्यक्ष यंत्राचा आधार मिळेल आणि हाताने मिळविलेले, कागदावर कधी न उतरलेले हे ज्ञानही टिकून राहील.